संस्थेचा चेहरा आणि आपली अक्षरे

एखाद्या संस्थेची आणि आपली पहिली भेट क्वचितच तिच्या सभागृहात होते. ती होते दारी आलेल्या निमंत्रणपत्रिकेत, रस्त्याच्या वळणावर लावलेल्या फलकात, नाहीतर वर्गणीच्या पावतीवरील छोट्याशा खुणेत. पुढचे व्याख्यान कितीही विद्वत्तापूर्ण असो, गायन कितीही सुरेल असो; त्याच्या आधी ही भेट होऊन गेलेली असते, आणि जावे की न जावे हे मनुष्य बहुधा तिच्यावरूनच ठरवितो. असे असूनही आपल्या सांस्कृतिक संस्था ज्या कामाकडे सर्वांत शेवटी, आणि तेही छापखान्याची घाई सुरू झाल्यावर लक्ष देतात, ते काम हेच. आमच्या मते ही उपेक्षा बरी नव्हे. आणि इंदुरातील मराठी संस्थांना तर ती फारच महाग पडणारी आहे. ती कशी, हे आमच्या विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. संस्थेची दृश्य ओळख म्हणजे तिचे बोधचिन्ह तेवढे, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु कोणताही मनुष्य केवळ नाकावरून ओळखला जात नाही. चेहरा, चाल, पोशाख आणि बोलण्याची ढब मिळून त्याची ओळख होते. तद्वतच संस्थेचे नाव लिहिण्याची धाटणी, तिचे ठरलेले रंग, पत्रिकेची मांडणी, दारावरील पाटी, रंगमंचामागील पडदा आणि तिचे चिन्ह, या सर्वांचा मिळून एक चेहरा होतो. तो वर्षानुवर्षे तोच राहिला, म्हणजे लोक नाव वाचण्याआधीच ओळखू लागतात.

लोक डोळ्यांनी कसे ओळखतात, याचा पाठ घ्यावयाचा असेल तर फार लांब जावयास नको. आमच्या कृष्णपुऱ्यातच थोडे फिरून पाहावे. नदीकाठी होळकरांच्या छत्र्या आहेत. कृष्णाबाईंची, दुसऱ्या तुकोजीरावांची आणि शिवाजीरावांची. त्यांची शिखरे दिसली की परगावचा पाहुणासुद्धा आपण कोठे आलो हे ओळखतो. जवळच सात मजली राजवाडा आहे. खालचे मजले दगडी, वरचे लाकडी. आणि तिकडे घड्याळाचा तो मनोरा. १९०४ साली बांधलेल्या त्या इमारतीचे पहिले नाव किंग एडवर्ड हॉल. १९४८ साली तिला महात्मा गांधींचे नाव मिळाले. पण जुने इंदूरकर आजही तिला 'घंटाघर' म्हणतात. कागदावर नाव दोनदा ठरविले गेले. लोकांनी मात्र जे डोळ्यांना रोज दिसले त्यावरून आपले तिसरे नाव ठेवले! ज्या संस्था आपला चेहरा स्वतः घडवीत नाहीत, त्यांचा चेहरा लोक किंवा योगायोग घडवितो, हे यावरून ध्यानी यावे.

परंतु नुसती सुबक खूण काढून भागत नाही. खुणेमागे आचरण हवे. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ पासून १७९५ पर्यंत राज्य केले. त्यांच्या काळच्या महेश्वरच्या नाण्यांवर शिवलिंग व बिल्वपत्र आढळते, आणि त्यांच्या आज्ञापत्रांवर 'श्री शंकर आज्ञेवरून' अशी मुद्रा असे. राज्य शंकराचे, आपण केवळ कारभारी, ही त्यांची निष्ठा होती. ती नाण्यावर उमटली, कागदावर उमटली आणि काशीपासून सोमनाथापर्यंत त्यांनी बांधलेल्या देवळांत व घाटांतही उमटली. बाजारात माळवा विकावयास आलेली निरक्षर बाई ते नाणे हातात घेई तेव्हा तिला अक्षर वाचता येत नसे. पण बेलाचे पान तिला वाचता येई. आजच्या परिभाषेत जिला 'दृश्य ओळख' म्हणतात, तिचे याहून शुद्ध उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

दुसरे उदाहरण कामगारांचे घ्या. इंदूरची अनंत चतुर्दशी झांक्यांसाठी प्रसिद्ध आहे. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी अशा गिरण्यांच्या झांक्या रात्रभर रस्त्यावरून निघत, आणि ही कोणत्या गिरणीची, हे लोक दुरूनच सांगत. पुढे गिरण्यांवर अवकळा आली. हुकुमचंद गिरणी १९९१ साली बंद पडली. यंत्रे थांबली, वेतन थांबले. तरी कामगारांनी वर्गणी आणि मदत गोळा करून पुढे कितीतरी वर्षे त्याच नावाची झांकी काढली. ज्या गिरणीने त्यांना काम देणे बंद केले तिच्या नावाचा दिवा त्यांनी का मिरवावा? कारण ते नाव आता गिरणीमालकाचे राहिले नव्हते. ते त्यांच्या स्वतःच्या हातांचे झाले होते. चेहरा पैशाने विकत आणता येतो, पण तो आपला होतो तो अशा वर्षानुवर्षांच्या श्रमाने.

येथे कोणी म्हणेल, की हे सारे जाहिरातीचे प्रकार. खऱ्या कलेशी यांचा संबंध काय? हा आक्षेप निदान इंदुरात तरी कोणी घेऊ नये. १९२७ साली येथे चित्रकलेची शाळा सुरू झाली आणि दत्तात्रय दामोदर देवळालीकर तिचे गुरू झाले. नारायण श्रीधर बेंद्रे, विष्णु चिंचाळकर, देवकृष्ण जोशी आणि मकबूल फिदा हुसेन ही त्यांच्या हाताखालून गेलेली मंडळी. यांपैकी हुसेन मुंबईस गेले, तेव्हा उदरनिर्वाहासाठी त्यांनी चित्रपटांचे प्रचंड फलक रंगविले. पुढे जगभर कीर्ती मिळाल्यावरही त्या दिवसांची त्यांना लाज वाटली नाही. भर रस्त्यातून धावत्या ट्राममध्ये बसलेल्या माणसाच्याही डोळ्यांत भरावे असे काढणे, ही काय लहान तालीम झाली? आणि चिंचाळकर गुरुजींनी तर वाळलेली पाने, काड्या, फुटके-तुटके सामान यांतून रूप शोधण्याचा वसा अखेरपर्यंत चालविला. साधनांच्या अभावी सौंदर्य अडून राहत नाही, हे त्यांनी याच शहरात दाखवून दिले.

महाराष्ट्रातही ही परंपरा थोर आहे. १९२९ साली कोल्हापुरात 'प्रभात' फिल्म कंपनी निघाली. तुतारी फुंकणारी तिची स्त्री पडद्यावर आली की प्रेक्षक सावरून बसत. गोव्यात जन्मलेले दीनानाथ दलाल यांनी १९४५ साली 'दीपावली' अंक सुरू केला. त्यांच्या कुंचल्याची रेषा ग्रंथांच्या वेष्टनांवरून घरोघर पोहोचली, आणि पुष्कळ मराठी घरांत चित्रकलेचा पहिला परिचय तिच्याच द्वारे झाला. त्यांच्यामागून कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींतील अक्षरांना असे वळण दिले, की नाटक गंभीर आहे की विनोदी हे शीर्षक पाहताच कळावे. २०२० साली ते निवर्तले. वर्तमानपत्राच्या पानावरील एक-दोन रकान्यांच्या चौकटीत त्यांनी जे केले, ते पाहून अक्षर हेही एक पात्र असते असे आम्हांस वाटू लागले.

एवढा वारसा पाठीशी असता आज आपण काय करतो? शहरातील कोणताही चौक पाहावा. प्लास्टिकच्या कापडावर छापलेला भला थोरला फलक. त्यावर पुढाऱ्यांचे व देणगीदारांचे चेहरे आठ-दहा. कार्यक्रमाचे नाव त्यांच्या खांद्यामागे दडलेले. कलाकाराचे नाव तळाशी. आणि वेळ व स्थळ शोधावयास भिंग हवे. मध्यंतरी एका मंडळाची कीर्तनाची पत्रिका आमच्या हाती आली. तीत स्वागताध्यक्षांपासून पानसुपारीच्या व्यवस्थापकांपर्यंत सर्वांची नावे यथासांग होती. कीर्तनकारांचे नाव एका ओळीत होते. स्थळापुढे मात्र दोनच शब्द होते : 'नेहमीचे ठिकाण'.

आम्ही त्या दोन शब्दांवर बराच वेळ विचार केला. 'नेहमीचे ठिकाण' ज्याला ठाऊक आहे त्याला पत्रिकेची गरजच नाही. आणि ज्याला गरज आहे त्याला ठिकाण ठाऊक नाही! म्हणजे नवा मनुष्य येणार नाही, असे त्या मंडळाने नकळत गृहीत धरले होते. मग सभागृहात दरवर्षी तीच डोकी दिसतात, आणि ती दरवर्षी अधिक पांढरी दिसतात, यात नवल ते काय? निमंत्रण हे सौजन्याचे कृत्य आहे. कोण बोलावीत आहे, कशासाठी, केव्हा आणि कोठे, या चार प्रश्नांची उत्तरे अनोळखी माणसाला एका दृष्टिक्षेपात मिळणे, हे त्या सौजन्याचे पहिले लक्षण होय. १९६४ साली तोकियो येथे ऑलिंपिक सामने झाले, तेव्हा येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना जपानी वाचता येणार नाही हे ओळखून प्रत्येक खेळासाठी व सोयीसाठी चित्रखुणा तयार करण्यात आल्या. पाहुण्याला काय वाचता येते, हा विचार यजमानाने आधी करावयाचा असतो. आपल्या घरच्या पाहुण्यांविषयी आपण तो करतो काय?

आता आमच्या मनातील मुख्य गोष्टीकडे येतो. आमच्या घरची बोली कोंकणी. कोंकणी ही देवनागरीत लिहितात, रोमीत लिहितात, कानडीत आणि मल्याळमातही लिहितात. गोव्यात तियात्राचे हस्तपत्रक रोमी अक्षरांत येते, आणि जत्रेतील मराठी नाटकाचे देवनागरीत. ते हाती पडताच हे कोणत्या अंगणातले, हे शब्द वाचण्यापूर्वीच कळते. त्यामुळे लिपी ही भाषेचा नुसता पेहराव नसून तिचा चेहरा असते, हे आम्हांस लहानपणीच उमगले. मराठी माणसाला हे सहसा जाणवत नाही. कारण त्याची लिपी तीच जी हिंदीची. आणि नेमके येथेच इंदूरच्या मराठी संस्थांनी सावध राहिले पाहिजे.

दोन्ही भाषांची लिपी देवनागरी असली तरी चेहरे वेगळे आहेत. मराठीचा 'ल' आणि 'श' यांचे वळण हिंदीहून निराळे. संगणकात मात्र या दोन्ही वळणांना एकच संकेतांक आहे. कोणते वळण उमटावे हे निवडलेला टंक ठरवितो. तयार मिळाला तो टंक उचलला, की मराठी पत्रिकेवर हिंदी वळण येऊन बसते. यापुढची पायरी 'ळ'ची. हिंदी लेखनात 'होळकर'चे 'होलकर' होते, 'देवळालीकर'चे 'देवलालीकर' होते. त्या भाषेचा तो रिवाज आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाही, आणि ज्या शहराने आम्हां सर्वांना सांभाळले त्याच्या भाषेशी भांडण तर मुळीच नाही. परंतु आपल्याच संस्थेच्या, आपल्याच पत्रिकेवर 'मंडळ'चे 'मंडल' छापून येते आणि ते कोणाच्या ध्यानातही येत नाही, तेव्हा मनाला लागते.

हा हळवेपणा आहे, असे कोणी समजू नये. आमच्या वर्गात अशी मुले आहेत, की ज्यांचे पणजोबा होळकरशाहीत येथे आले. ज्यांच्या घरी आजी मराठी बोलते, आई-वडील दोन्ही भाषांत बोलतात आणि ती स्वतः मित्रांशी हिंदीत बोलतात. अशा मुलाला शाळेबाहेर मराठी अक्षर दिसते तरी कोठे? दुकानांच्या पाट्यांवर नाही, रस्त्यांच्या नावांत नाही. ते दिसते गणेशोत्सवाच्या पत्रिकेत, व्याख्यानमालेच्या फलकावर, नाटकाच्या तिकिटावर. तेथेही त्याला 'ळ' भेटला नाही, तर मोठेपणी ते अक्षर त्याला पाठ्यपुस्तकातील एक अडचण वाटेल. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, याचा आम्हां सर्वांस आनंद झाला. तथापि भाषेचा दर्जा राजधानीत ठरला, तरी तिचे आयुष्य अशा लहानसहान कागदांवर ठरत असते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला पैशाचा. आमच्या लहान संस्थेपाशी चित्रकाराला द्यावयास द्रव्य कोठून आणावे? ऐश्वर्याने काय साधते ते इंदूरने पाहिले आहे. यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकात एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग महाल सजवून घेतला. इमारतीपासून खुर्ची-दिव्यापर्यंत सारे एका दृष्टीने घडले. पुढे ते सामान लिलावात देशोदेशी गेले. एकसूत्रीपणा पैशाने आणता येतो, हे खरे. पण तो सवयीनेही आणता येतो, आणि सवयीला खर्च नाही. नाव नेहमी एकाच धाटणीत लिहावे, रंग दोनच ठेवावेत, माहितीचा क्रम ठरवून टाकावा. याला तिजोरी लागत नाही, निश्चय लागतो. टंकांचीही आता अडचण नाही. ज्यांनी 'मंगल' हा संगणकावरील देवनागरी टंक घडविला ते र. कृ. जोशी यांनी ही वाट घालून दिली. आणि मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींचे 'मुक्त' व 'बालू' यांसारखे टंक तर कोणालाही विनामूल्य वापरता येतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. संस्था कार्याने ओळखली जाते, खुणेने नव्हे. मग या बाह्य उपचाराचे एवढे स्तोम कशाला? पहिले वाक्य आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. वर अहिल्याबाईंचा दाखला आम्ही त्यासाठीच दिला. परंतु कार्य चांगले असूनही ते ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापर्यंत पोहोचले नाही, तर त्या कार्याचे अर्धे पुण्य वाया जाते. शिवाय ज्याला आपल्या संस्थेचे कार्य एका खुणेत सांगता येत नाही, त्याने ते कार्य नीट ओळखले आहे की नाही, अशीही शंका आम्हांस येते. साहित्यविषयक संस्था म्हटली की लेखणी, दौत आणि उघडे पुस्तक. संगीताची म्हटली की वीणा. नाटकाची म्हटली की हसरा आणि रडका मुखवटा. ही चिन्हे चुकीची नाहीत. पण ती कोणाचीही असू शकतात, म्हणून ती कोणाचीच नाहीत.

या बाबतीत संस्था आणि समारंभ यांतील भेदही जाणला पाहिजे. संस्थेची खूण टिकावयाची असते. समारंभाची त्या वेळेपुरती असते, आणि म्हणूनच ती यजमान गावाच्या मातीतून उगवली पाहिजे. १९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. त्यांच्या चिन्हात चेंडू किंवा भाला नव्हता. दिल्लीचे जंतरमंतर होते, आणि सोबतीला 'अप्पू' हा छोटा हत्ती. ती मुले आज पन्नाशीत आहेत, पण अप्पू त्यांना आठवतो. आपले मराठी साहित्य संमेलनही इंदुरात १९१७, १९३५ आणि २००१ साली भरले. १९३५ च्या अध्यक्षपदी औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी होते, जे स्वतः चित्रकार होते आणि ज्यांनी औंधास वस्तुसंग्रहालय उभारले. प्रत्येक संमेलनासाठी नवे बोधचिन्ह करण्याचा प्रघात अलीकडे रूढ झाला आहे. तो स्तुत्यच आहे. मात्र त्या चिमुकल्या वर्तुळात किल्ला, देऊळ, नदी, ग्रंथ, लेखणी आणि उगवता सूर्य हे सारे कोंबण्याचा मोह आवरावा. एक गोष्ट सांगणारी खूण लक्षात राहते. सात गोष्टी सांगणारी एकही सांगत नाही.

मग आपण आपल्या शाळेपुरते काय करावे? शाळेचे जे बोधचिन्ह आहे ते जसे आहे तसे जपावे; दर नव्या उत्साहाबरोबर ते बदलू नये. स्नेहसंमेलनाचे चित्र मात्र दर वर्षी नवे असावे, आणि ते तयार सापडलेले न उचलता विद्यार्थ्यांच्या हातचे असावे. पत्रिकेत आधी कार्यक्रम, मग वार, तारीख व वेळ, मग पत्त्यासह स्थळ. प्रमुख पाहुणे त्यानंतर, आणि देणगीदारांचे आभार शेवटी, पण नीट वाचता येतील अशा अक्षरांत. पत्रिका छापावयास देण्यापूर्वी ती शाळेशी काहीही संबंध नसलेल्या एका माणसास दाखवावी. त्याला येण्याचा रस्ता समजला तरच ती पुढे जावी. आणि दर वर्षीची एक पत्रिका ग्रंथालयात जतन करून ठेवावी, म्हणजे पंचवीस वर्षांनी शाळेचा चेहरा कसा घडत गेला हे कोणालाही पाहता येईल.

पालकांना एवढीच विनंती, की ज्या मंडळांचे आपण सभासद आहात, तेथेही हा विषय काढावा. वर्गणी देतो तसे पत्रिकेचे कच्चे मुद्रितही एकदा मागून पाहावे. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांपैकी ज्यांचे अक्षर चांगले आहे, ज्यांना रेघ ओढता येते, रंग लावता येतो, त्यांनी हे काम कमी प्रतीचे मानू नये. वर्गाबाहेरील फळ्यावर रोज लिहावयाचा सुविचार हाच तुमचा पहिला फलक आहे. तो दहा पावलांवरून वाचता यावा, शिरोरेषा सरळ असावी, मात्रा आणि अनुस्वार जागच्या जागी असावेत, आणि त्यात 'ळ' आला तर तो असा डौलदार काढावा, की येणाऱ्या-जाणाऱ्याने क्षणभर थांबून पाहावे.